गोडं तेल

"गोडं तेल?" मी विचारलं.

"चौतीस," मदनसेठ म्हणाले.

मी रकान्यात चौतीस लिहिलं आणि खालच्या ओळीवर गेले. तूरडाळ, हरभराडाळ, गूळ, चहापत्ती. सेठ गल्ल्यावर बसून एकेक भाव सांगत होते आणि मी उभ्या उभ्या लिहीत होते. तेवढ्यात माझ्या मागून एका म्हाताऱ्या बाईंनी काचेची बाटली पुढं सरकवली आणि पावभर फल्लीचं तेल मागितलं. सेठनी बाटली हातात घेण्याआधी त्यांना बजावलं, की छप्पनचा भाव आहे, चालत असेल तर देतो. बाईंनी थोडा विचार केला आणि छटाकभरच द्यायला सांगितलं.

माझं पेन थांबलं. वऱ्हाडात शेंगदाण्याला फल्ली म्हणतात, एवढं मला दीड वर्षात कळलं होतं.

"सेठ, मला चौतीस सांगितलं आणि त्यांना छप्पन?"

"तुमी गोडं तेल इचारलं."

"मग शेंगदाण्याचं म्हणजे गोडंच ना?"

सेठ हसले. लहान पोराला समजावून सांगावं तसं त्यांनी मला सांगितलं. "मॅडम, एरंडीचं नाई, दिव्यात जाळाचं नाई, भाजीत पडते ते गोडं तेल. पयले फल्लीचं पडत होतं, आता बाहेरून येते ते पामचं पडते. तुमी फल्लीचं कदी इचारलंच नाई."

खरंच विचारलं नव्हतं. मी कागलची. आमच्याकडं गोडं तेल म्हणजे शेंगतेल, घाण्यावरचं, डबा उघडला की घरभर वास येणारं. दुसऱ्या तेलाला कुणी गोडं म्हणेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. माझ्या छापील तक्त्यावर 'शेंगदाणा तेल, घाणीचे, एक किलो' असं स्वच्छ लिहिलेलं होतं, पण दर आठवड्याला एवढं लांबलचक कोण विचारतं? मी आपली सोयीनं गोडं तेल विचारत गेले, आणि सेठ आपल्या समजुतीनं सांगत गेले. भाव डोळ्यांत तेल घालून टिपायचे, असं आम्हाला प्रशिक्षणात बजावलं होतं. कोणतं तेल, ते सांगायचं राहून गेलं असावं.

मी सव्वीस वर्षांची होते आणि कासारखेड नावाच्या त्या गावात बाजारभाव गोळा करायची सरकारी नोकरी करत होते. दर गुरुवारी ठरलेल्या सात दुकानांत जायचं, त्यांत किराण्याचं एकच, मदनसेठचं, ठरलेल्या मालाचा ठरलेल्या वजनाचा भाव विचारायचा आणि तक्ता वर पाठवायचा. गावात मला भाववाल्या मॅडम म्हणत. माझ्या तक्त्यावरून गावाचा महागाईचा आकडा निघायचा, आणि त्या आकड्यावर गावातल्या सूतगिरणीच्या सातशे कामगारांचा महागाई भत्ता ठरायचा. वर्षात आकडा आठ अंशांनी चढला की भत्ता वाढणार, असा गिरणीचा आणि युनियनचा करार होता. त्या वर्षी फेब्रुवारीपर्यंत तो पाचच अंश चढला होता. डाळ चढली, ज्वारी चढली, रॉकेल चढलं, आणि आकडा मात्र पाचाच्या पुढं जाईना, म्हणून युनियनवाले चक्रावले होते. मीही त्यांच्याइतकीच चक्रावले होते.

दुकानातच एका पोत्यावर बसून मी मागचे तक्ते चाळले. गेल्या पाडव्याला तेल सेहेचाळीस होतं. पुढच्या महिन्यात एकोणचाळीस, मग सदतीस, मग चौतीस. सेठनी मला पाणी दिलं आणि सगळी गोष्ट सांगितली. सरकारनं बाहेरून येणाऱ्या तेलावरचा कर उतरवला होता. शहरातल्या लोकांना तेल स्वस्त मिळावं म्हणून. पामतेल बंदरावर उतरून टँकरनं गावापर्यंत यायला लागलं. स्टेशनाजवळची घाणी दिवाळीत बंद पडली. आसपासच्या लोकांनी फल्ली पेरणं कमी केलं, त्यामुळं लागणारं फल्लीचं तेल गुजरातेतून आणावं लागत होतं आणि ते सेहेचाळीसचं छप्पन झालं होतं. सेठना यात काही वावगं वाटत नव्हतं. त्यांचा खप वाढला होता.

म्हणजे अकरा महिने मी शेंगदाण्याच्या ओळीत पामचा भाव लिहिला होता. चढलेलं तेल कागदावर उतरलं होतं, आणि त्या एका ओळीनं डाळ, ज्वारी आणि रॉकेल सगळ्यांची वाढ गिळली होती. खरा भाव लावला तर आकडा नऊच्या वर जात होता. हे मी तिथंच, पोत्यावर बसून, दोनदा काढून पाहिलं.

मी राहायचे देवकाबाई तायडे यांच्याकडे. त्या गिरणीत कांडी खात्यात, सूत गुंडाळायच्या कामावर होत्या. नवरा वारलेला, एकच मुलगी करुणा, ती नागपूरला नर्सिंग शिकत होती. दोन वर्षं झाली होती, तिसरं राहिलं होतं. त्यांच्या घरातली एक खोली मला भाड्यानं दिलेली होती आणि दोन्ही वेळचं जेवणही त्यांच्याकडेच. मी त्यांना मावशी म्हणायचे, त्या मला मॅडमच म्हणत. मला कोल्हापुरी झणझणीत लागतं म्हणून माझी भाजी वेगळ्या पातेल्यात व्हायची. त्यांच्या हातचं पिठलं अगदी आमच्या घरच्यासारखं लागायचं. दिवसभर उन्हात फिरून आल्यावर ताटावर बसलं की परक्या गावात आहोत हे विसरायला व्हायचं. मला त्या बाईंचा लळा लागला होता, हे सांगायला हरकत नाही.

मावशींचं गणित सोपं होतं. भत्ता वाढला तर करुणाचं तिसरं वर्ष होणार, नाहीतर ती घरी परत येणार. दर महिन्याला त्या मला एकदाच विचारायच्या, आकडा किती झाला, आणि मी सांगता येत नाही म्हटलं की पुन्हा विचारायच्या नाहीत.

त्या संध्याकाळी मात्र मी स्वतःहून सांगितलं. चूक माझी आहे, मी ती कळवणार आहे, आणि कळवली की आकडा सुधारेल. मावशी ऐकत राहिल्या. त्यांनी भत्त्याबद्दल काही विचारलं नाही.

"मंग तुमच्या नोकरीचं काय होईन?" त्यांनी विचारलं.

मी अजून प्रोबेशनवर होते. कायम होण्याचा हुकूम मे महिन्यात निघायचा होता. अकरा महिन्यांचे तक्ते चुकवणाऱ्या बाईला कोण कायम करणार? मी म्हटलं, जाईल बहुतेक. माझ्या ताटात आणखी एक भाकरी पडली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी पत्र लिहिलं. चूक कशी झाली ते लिहिलं, आणि शेवटी एक वाक्य जोडलं, की इथली कामगार कुटुंबं आजही शेंगदाणा तेलच वापरतात, मी स्वतः एका कामगाराच्या घरी जेवते. हे वाक्य महत्त्वाचं होतं. नियम असा, की लोक जो माल खरोखर विकत घेतात त्याचाच भाव धरायचा. लोक शेंगदाणा तेलच खात असतील तर माझे तक्ते चूक आणि ते सुधारायला हवेत. पण लोक पामतेलाकडं वळले असतील तर माझे तक्ते बरोबर, फक्त माल बदलल्याची नोंद उशिरा केली, एवढीच कसूर. मी मनाशी हसले होते. मावशींचं पिठलं माझा साक्षीदार होतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात चौकशीला धारप साहेब आले. निवृत्तीला आलेले, सौम्य गृहस्थ, खिशात सुपारीची डबी. त्यांनी मला रागावून एक शब्दही म्हटला नाही. युनियननं दिलेल्या यादीतली दोन घरं आम्ही आधी पाहिली. दोन्हीकडं त्यांनी तोंड उघडायच्या आतच "आमी फल्लीचंच खातो साहेब" असं उत्तर आलं. रस्त्यावर आल्यावर साहेब म्हणाले, की पाठांतर चांगलं आहे. मग सुपारी तोंडात टाकून ते म्हणाले, चला, तुम्ही जेवता ते घर पाहू.

मावशी पहिल्या पाळीवरून नुकत्याच आल्या होत्या. केसांना अजून कापूस चिकटलेला होता. त्यांनी साहेबांना पाणी दिलं आणि चहा टाकायला वळल्या, तेव्हा साहेबांनी स्वयंपाकघर पाहू का म्हणून विचारलं. आम्ही तिघं आत गेलो. ओट्याशेजारी फळीवर दोन स्टीलच्या बरण्या होत्या. मी दीड वर्ष त्या घरात जेवत होते, पण फळीवर काय आहे हे कधी पाहिलं नव्हतं. जेवण ताटात यायचं.

साहेबांनी पहिली बरणी उघडली आणि वास घेतला. मलाही तो दारातून आला. आमच्या घरचा वास.

"शेंगदाण्याचं आहे," साहेब म्हणाले. "चांगलं आहे. तुम्ही हेच वापरता ना?"

मावशींना नुसती मान हलवायची होती. युनियनची माणसं आदल्या दिवशी त्यांनाही भेटून गेली होती. भत्ता, नागपूर, तिसरं वर्ष, सगळं त्या मानेवर होतं.

"नाई साहेब," त्या म्हणाल्या. "ते मॅडमचं हाये. आमचं ते दुसरं."

साहेबांनी दुसरी बरणी उघडली. तिला कसलाच वास नव्हता.

"दोन कशाला?"

"त्या जेवाचे पैसे देतात. त्याईच्या गावाकडं हेच खातात, आल्या तवा सांगतलं होतं त्याईनं. आपलं तेल त्याईले कसं घालावं?"

मी दारात उभी होते. माझी भाजी वेगळ्या पातेल्यात का होते, हे मला त्या क्षणी कळलं. तिखटाचा संबंध होता, पण थोडाच. गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं तेल वर्षभरापूर्वी बदललं होतं आणि ते टिपणं हेच माझं काम होतं, पण माझ्या ताटात जुनंच तेल येत राहिलं होतं. मला लाज वाटली. इतकी, की मी खाली फरशीकडं पाहायला लागले.

"म्हणजे तुमचा तेलाचा खर्च कमी झाला," साहेब लिहिता लिहिता म्हणाले.

"खर्च कमी झाला."

"तेल स्वस्त मिळायला लागलं म्हणून."

"नाई साहेब. आमचं होतं ते तेल महाग झालं. मंग आमी ते सोडलं. तुमी याले स्वस्ताई म्हनत असान तर म्हना."

साहेबांनी पेन उचललं आणि क्षणभर तसंच धरलं. मग त्यांनी लिहिलं, 'कुटुंब पामतेल वापरते.' मावशींच्या बाकीच्या बोलण्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता. त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, चौगुले, तुम्हाला काही म्हणायचंय?

मला म्हणायचं होतं. नियमाचं दुसरं कलम मला पाठ होतं. लोकांनी माल बदलला तर जुन्या मालाचा भाव चढत कुठवर गेला ते आधी धरायचं, आणि मग तिथून पुढं नव्या मालाचा भाव जोडायचा. चढ तसाच सोडून नुसता स्वस्त माल खाली लिहायचा नाही. नाहीतर माणसाचं खाणं हलकं होत जातं आणि कागदावर महागाई उतरत जाते. मावशींनी जे त्यांच्या भाषेत सांगितलं होतं तेच ते कलम होतं. मी ते तिथं उच्चारलं असतं तर तक्ते सुधारावे लागले असते, साहेबांनी ते नाकारलं नसतं, तसे ते सरळ माणूस होते. आणि तक्ते सुधारले असते तर मे महिन्यात माझा हुकूम निघाला नसता.

"नाही साहेब," मी म्हटलं.

चहा पिऊन ते सव्वाचारच्या गाडीनं गेले.

त्या संध्याकाळी मी मावशींना विचारलं, की तुम्ही आमचं आहे म्हणाला असता तर काय बिघडलं असतं. त्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, तुमच्या पैशानं आणलेलं तेल आमचं कसं म्हणावं? माझी नोकरी त्यांच्या मनात होती का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं, आणि मला त्यावर विश्वास ठेवावा लागला असता. मी एवढंच म्हटलं, की उद्यापासून माझी भाजी तुमच्यातच करा. त्यांनी केली नाही. महिन्याचं तेल आणून झालं होतं, ते संपायचं होतं.

आकडा पाचावरच राहिला. एप्रिलपासून माझ्या तक्त्यावर शेंगदाणा तेलाच्या जागी पामतेल छापून आलं, चौतीस रुपये, आणि त्या ओळीत सगळं कसं शांत झालं. मे महिन्यात मी कायम झाले.

त्यानंतर मी एकोणतीस वर्षं नोकरी केली आणि बढती मिळत मिळत पुण्याच्या कार्यालयात पोचले. तेलाची ओळ मात्र मी कधी नजरेआड केली नाही. शेतकऱ्यांनी ओरड केली की बाहेरच्या तेलावरचा कर चढायचा, निवडणूक जवळ आली की उतरायचा. प्रत्येक वेळी कर उतरला की तेल महिनाभरात थोडं खाली यायचं, आणि कर चढला की दुसऱ्याच दिवशी वर जायचं. दोन्ही वेळा पत्रक काढायचं काम माझ्याकडं असे आणि दोन्ही पत्रकांत 'ग्राहकांच्या हितासाठी' हे शब्द असत, एकदा आजच्या ग्राहकाच्या, एकदा उद्याच्या. कासारखेडच्या आसपास सोयाबीन आणि कपाशी तेवढी राहिली. मग एका वर्षी ज्या देशातून तेल यायचं त्यानंच ते द्यायचं थांबवलं, आणि पामतेल पावणेदोनशेला भिडलं. वरच्या साहेबांनी मला विचारलं, की अशा वेळी लोक जुन्या तेलाकडं परत का वळत नाहीत. मी सांगितलं, त्याला आधी फल्ली पेरावी लागते, पेरायला बियाणं लागतं, आणि गाळायला घाणी लागते. ते म्हणाले, मुद्दा चांगला आहे, टिपणात घ्या. मी घेतला.

पण हे सगळं फार पुढचं. त्या वर्षीच्या जून महिन्यात, नुकती जेवायला बसले होते, तेव्हा मावशी म्हणाल्या, "मॅडम, पुढल्या महिन्यात दुसरीकडं खोली पाहा. करुणा येऊन राह्यली."

"सुट्टीला?"

"नाई. गिरणीत लागते. माह्याच खात्यात."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी बाजाराजवळ एक खोली पाहिली आणि महिनाअखेरीला सामान हलवलं. माझी ट्रंक रिक्षापर्यंत न्यायला करुणानं हात लावला. विशीची, उंच, आईसारखीच कमी बोलणारी मुलगी. नागपूरहून आणलेली तिची पुस्तकं माझ्या खोलीच्या कोपऱ्यात दोरीनं बांधून ठेवलेली होती. ट्रंक रिक्षात चढवल्यावर तिनं हात झटकले आणि पहिल्यांदाच माझ्याकडं पाहून हसली.

"आई सांगत होती, तुमची नोकरी पक्की झाली," ती म्हणाली. "तुमी पेढे नाई दिले."

मी दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन गेले. मावशी पाळीवर होत्या. करुणानं पुडा उघडला, एक पेढा तोंडात टाकला आणि बाकीचे पुन्हा नीट बांधून ठेवले. सोमवारी तिचा गिरणीतला पहिला दिवस होता. खात्यातल्या बायकांना तोंड गोड करायला काहीतरी न्यावंच लागतं, ती म्हणाली, बरं झालं तुम्ही आणले.